मदत हवी आहे: मूर्तीच्या बुडावरच्या निळ्या तलवारी खऱ्या की नकली?

घरातल्या जुन्या पेटीत पोर्सेलीनची वीतभर उंचीची मेंढपाळीण सापडली. हातात परडी, पायाशी कोकरू, करंगळीचं टोक उडालेलं (माझ्या हातून नाही, आधीच!). बुडाशी झिलईखाली निळ्या रंगात एकमेकींना छेदणाऱ्या दोन तलवारी आहेत. माइसेन (जर्मनीतला नावाजलेला पोर्सेलीनचा कारखाना) म्हणून आधी हुरळले. पण ही खूण १७२० च्या दशकापासूनची, आणि तिची नक्कल कितीतरी कारखान्यांनी केली. मुठींजवळ तारा नाही, म्हणजे १७७४ ते १८१४ चा मार्कोलिनी काळ (मार्कोलिनी माइसेनचा प्रमुख होता तो, तेव्हा खुणेत तारा असे) बहुधा बाद.

'जर्मनी' असंही कुठे लिहिलेलं नाही. अमेरिकेच्या नियमामुळे १८९१ पासून तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव यायला लागलं, पण जो माल तिकडे गेलाच नाही त्यावर ते कशाला असेल? त्यामुळे तेवढ्यावरून ती त्याआधीची म्हणायला मन धजत नाही.

तलवारींशेजारी मातीत कोरलेला आकडा आहे, बहुधा साच्याचा क्रमांक. अशा आकड्यावरून कारखाना किंवा काळ ओळखता येतो का? आणि अतिनील दिव्याखाली जुनी डागडुजी वेगळी चमकते म्हणतात, ते कुणी करून पाहिलंय का? सोनेरी रंग जाईल या भीतीने अजून ती धुतलेलीही नाही.