जुगाराच्या नादासाठी ईमेलवर मदत मिळते का? फोनवर बोलता येत नाही

चाकण_सेकंड_शिफ्ट
नमस्कार मंडळी, नाव सांगत नाही, वय ३१, चाकणला एका कंपनीत शिफ्टला आहे. रमीपासून सुरू झालं, शंभर-दोनशे रुपये, मग आयपीएलला एकाने व्हॉट्सॲपवर आयडी, म्हणजे सट्टा लावायचं खातं, काढून दिली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायदा आला, पैशांची रमी बंद झाली, तेव्हा खरंच वाटलं सुटलो बाबा, पण आयडीवाला होताच की. आता तीन लोन ॲप, एक पतपेढी आणि बायकोच्या पाटल्या गहाण, सगळं मिळून ४ लाख ६० हजार. पाटल्यांचं तिला माहीत नाही, तिला वाटतं आईच्या कपाटात आहेत.

बोलायचंय पण बोलायला जागाच नाही. घर वन आरके, त्यात आईवडील, बायको, मुलगी. एकदा गच्चीवर जाऊन एका हेल्पलाइनला फोन लावला, समोरून ताई "बोला" म्हणाल्या आणि तेवढ्यात खालच्या काकू वाळलेले कपडे काढायला आल्या, कट केला. परत लावलाच नाही. कंपनीच्या बसमध्ये जाताना पाऊण तास मिळतो, तिथे टाइप करता येईल. ईमेलवर कोणी मदत करतं का? मराठीत लिहिलं तर चालतं का? आणि घरी किंवा पोलिसांना कळतं का, तेही सांगा.

उधारीचा_मारुती
करतात. मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट, म्हणजे आपलं टिस, त्यांची आयकॉल म्हणून सेवा आहे २०१२ पासून, फोनसोबत ईमेलवर पण समुपदेशन करतात, पैसे घेत नाहीत. मेल आयडी आणि वेळा त्यांच्या वेबसाइटवरूनच घ्या, कोणी फॉरवर्ड केलेला आयडी वापरू नका. मराठीत बिनधास्त लिहा.

मी स्वतः एका दुसऱ्या ठिकाणी मेलवरच सुरुवात केली होती. पहिला मेल तीनदा लिहून खोडला, आधी सगळी कुंडली मांडत बसलो, कॉलेजला पत्ते कसे शिकलो वगैरे, शेवटी चार ओळी पाठवल्या: काय खेळतो, किती दिवस, कर्ज किती, आणि घरी माहीत नाही म्हणून फोन करू नका. उत्तर दोन दिवसांनी आलं. मधल्या दोन दिवसांत मी अजून ९ हजार घालवले, हे पण खरं सांगतो, मेल पाठवला म्हणून हात आपोआप थांबत नाही. पण उत्तरात उपदेश नव्हता. तीन प्रश्न होते, त्यातला एक असा, पगार जमा झाल्यावर पहिल्या दोन तासांत तुम्ही काय करता? आता हे कोणाला सांगणार? पगाराचा मेसेज आला की मी संडासात जाऊन कडी लावून खेळायचो, बाहेर पोरगा दार वाजवतोय. तोंडाने हे मी मेलो तरी बोललो नसतो, टाइप मात्र झालं.

दोन गोष्टी सांभाळा. नवीन मेल अकाउंट काढा आणि त्याचे नोटिफिकेशन बंद ठेवा. आणि "हरलेले पैसे परत काढून देतो, आधी फी भरा" असं टेलिग्रामवर कोणी म्हणालं तर तो पण चोरच, मी तिथे अजून १२ हजार घालवलेत.

रोखठोक_७७
मेलबिल कशाला पाहिजे. मनावर घ्या, मोबाइल साधा वापरा, संपला विषय. आमच्या वेळी मटका खेळणारे गल्लीत पायलीचे पन्नास होते, लग्न झालं की सुटायचे आपोआप.

नाइट_ड्यूटी_सिस्टर
रोखठोक दादा, सुटायचे की घर विकायचे ते पण जरा आठवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराचं व्यसन आहे, मनावर घेऊन शुगर उतरत नाही तसंच हे.

चाकणवाले दादा, पोलिसांचं विचारलंत म्हणून. २०२५ च्या त्या कायद्यात शिक्षा आहे ती गेम चालवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आणि पैसे फिरवणाऱ्याला, नुसतं खेळणाऱ्याला नाही. समुपदेशक तुमचं घरी कळवत नाहीत, फक्त जीवाला धोका दिसला तर गोष्ट वेगळी. आणि तोच मुद्दा मला मोठ्या अक्षरात लिहावासा वाटतो, मेलचं उत्तर यायला वेळ लागतो. जीवाचं बरंवाईट करावं असं डोक्यात येत असेल तर मेल लिहीत बसू नका, १४४१६ लावा, टेलिमानस, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. खालच्या काकूंनी ऐकलं तर ऐकू दे.

पाटल्यावाली
मी दुसऱ्या बाजूची आहे, म्हणजे बायको.

माझ्या नवऱ्याने मला मेलवरच सांगितलं. मी ओट्याशी चपात्या करत होते, तो आतल्या खोलीत, आणि मोबाइल वाजला. विषय लिहिला होता "वाचून झाल्यावर आत ये". तीन पानं, कोणाचे किती, व्याज किती, सगळं. तवा जळला त्या दिवशी. आठ दिवस बोलले नाही मी त्याच्याशी, पण समोर बसून सांगितलं असतं तर मी अर्ध्यातच ओरडले असते आणि त्याने उरलेलं अर्ध लपवलं असतं, हे मला आता कळतं.

गहाण सोन्याचा हप्ता थकला की लिलावाची नोटीस घरच्या पत्त्यावर येते. तिला पोस्टमनकडून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळू दे. आमच्याकडे आता पगार माझ्या खात्यात वळवतो, त्याच्या फोनवर यूपीआय नाही, रोज खर्चाला रोख देते. त्याला अपमान वाटायचा आधी.

गॅम्ब्लर्स अ‍ॅनॉनिमसचे २० प्रश्न पण बघा. हा गट अमेरिकेत १९५७ ला सुरू झालेला, जुगार सोडलेल्या लोकांचाच. सात किंवा जास्त "हो" आले की समजायचं. एक प्रश्न साधारण असा आहे की जुगारासाठी ठेवलेले पैसे घरखर्चाला काढायला जीवावर येतं का. माझा नवरा तो वाचून गप्प बसला, कारण पोरीच्या क्लासची फी थकली होती तेव्हा याच्या खात्यात ११ हजार "मॅचसाठी" पडून होते.

लेस्टरकर
इकडे इंग्लंडात गॅमस्टॉप म्हणून आहे, एकदा नाव टाकलं की इथल्या सगळ्या लायसनवाल्या ऑनलाइन साइट्स तुम्हाला घेत नाहीत, सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं. बँक पण कार्ड ब्लॉक करून देते. मी पाच वर्षं टाकलंय. तुमच्या आयडीवाल्याला असलं काही लागू होणार नाही, तो नंबर स्वतःच उडवावा लागेल, आज.

चाकण_सेकंड_शिफ्ट
सगळ्यांचे आभार. आज बसमधून मेल पाठवला, मोशीच्या सिग्नलला गाडी थांबलेली तेव्हा सेंड दाबलं. सहा ओळी झाल्या. आयडीवाल्याचा नंबर ब्लॉक केला, पण पाठ आहे तो, काय करणार. वीस प्रश्नांत माझे चौदा आले.

पाटल्यावाली ताई, तिला पण लिहायला घेतलंय. सुरुवातीलाच अडलोय. "प्रिय" लिहू का? आजवर तिला कधी पत्र लिहिलेलं नाही, उगाच नाटक वाटेल.

पाटल्यावाली
नुसतं नाव लिहा. आणि आकडा पहिल्याच ओळीत.