'ऱ्हासाचे भाकीत' म्हणावे का?

अनुवादिनी:
एका संशोधनाच्या माहितीपत्रकाचा अनुवाद करते आहे. 'माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट' असलेल्यांपैकी कोणाची स्थिती पुढे बिघडेल, हे आधी ओळखता येतं का, असा विषय. मी लिहिलं, 'सौम्य बोधात्मक दुर्बलता असलेल्या व्यक्तींमधील ऱ्हासाचे भाकीत'. घरी वाचून दाखवलं, तर सासरे म्हणाले, "भाकीत? म्हणजे ठरलेलंच आहे का?" पत्रक त्यांच्याच वयाची माणसं वाचणार. तिथेच अडले आहे. 'अंदाज' चालेल?

ऐलपैल:
आधी 'बोधात्मक' बदला. 'संज्ञानात्मक' हा रुळलेला शब्द आहे.

खडूफळा:
रुळलाय तो हिंदीत. मराठी माणसाला 'संज्ञान' वाचलं की 'सज्ञान' आठवतो, म्हणजे वयात आलेला. शिवाय 'संज्ञाहीन' म्हणजे बेशुद्ध. मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत 'बोधन', 'बोधनिक', 'बोधात्मक' कधीचे मुरलेत.

ऐलपैल:
शब्द संस्कृत आहे, हिंदीची मक्तेदारी नाही. 'बोध' म्हटलं की मला गोष्टीचं तात्पर्यच आठवतं.

जुनीवही:
माझी आजी सरळ 'म्हातारचळ' म्हणायची. सगळ्यांना कळायचं.

खडूफळा:
तो नकोच. त्यात चाळे आहेत, टिंगल आहे. 'साठी बुद्धी नाठी'मध्येही तेच. शब्द म्हणून 'नाठी' मात्र फार देखणा: नष्ट, प्राकृतात नट्ठ, मग नाठा-नाठी. 'दृष्टी'ची 'दिठी' झाली तसंच.

निदानिका:
मी या रुग्णांच्या चाचण्या घेते, म्हणून मूळ प्रश्नाकडे येते. 'भाकीत' नको, सासऱ्यांचा कान बरोबर आहे. 1999 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या पीटरसन आणि सहकाऱ्यांनी जे निकष मांडले, त्यांत स्मरणाची तक्रार हवी, वयाच्या मानाने स्मरण कमी हवं, पण रोजचे व्यवहार शाबूत हवेत. 'सौम्य' आहे ते या व्यवहारांमुळे. दवाखान्यात येणाऱ्या अशा लोकांपैकी साधारण 10 ते 15 टक्के दरवर्षी डिमेन्शियाकडे जातात. बरेच जण वर्षानुवर्षं तिथेच थांबतात, काही तर पुन्हा नॉर्मलमध्ये येतात. एमआरआयवर हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला स्मरणाशी जोडलेला भाग, आक्रसलेला दिसणं, मणक्यातल्या पाण्यात किंवा रक्तात फॉस्फो-टाऊ हे प्रथिन वाढलेलं असणं, अल्झायमरचा धोका वाढवणारं एपीओई-4 जनुक, यांनी पारडं घसरणीच्या बाजूला झुकतं. पण एकट्या माणसाबद्दल छातीठोक कुणीच सांगू शकत नाही.

आणि एक अनुभव. पाच शब्द सांगायचे, पाचेक मिनिटांनी विचारायचे. एका बाईंना चार आले, पाचवा येईना. मी म्हटलं, "वाद्य होतं." लगेच, "हो हो, बासरी!" त्याच दिवशी दुसऱ्या गृहस्थांना वाद्य म्हटलं, पर्याय दिले, तरी ते माझ्याकडे बघत राहिले. जणू तो शब्द त्यांनी ऐकलाच नव्हता. दुसरी खूण अधिक काळजीची.

जुनीवही:
हा फरक मराठीत आधीच आहे की! बाईंना 'आठवेना', गृहस्थांच्या 'लक्षातच राहिलं नाही'. आठवणं म्हणजे आत असलेलं बाहेर काढणं, लक्षात राहणं म्हणजे मुळात आत जाणं. पत्रकात हे दोन शब्द वेगवेगळे वापरा, एकच 'विस्मरण' सगळीकडे लावू नका.

अनुवादिनी:
हे मला सुचलंच नव्हतं. कालच मी 'विस्मरण' तीन ठिकाणी ठोकून दिलं होतं. आणि डिमेन्शियाला 'स्मृतिभ्रंश' ठेवू ना?

खडूफळा:
ठेवा. गीतेत आहे, 2.63, 'स्मृतिभ्रंशाद् बुद्धिनाशः'.

ऐलपैल:
तिथे तो क्रोधातून येतो, मेंदूच्या आजारातून नाही. आणि डिमेन्शियात स्मृतीच नव्हे, भाषा, दिशा, वागणूक सगळंच जातं. 'भ्रंश' ठीक, 'स्मृति' अपुरी.

खडूफळा:
मग 'बुद्धिभ्रंश' म्हणायचं? ते कुणाच्या तोंडावर म्हणून बघा.

अनुवादिनी:
तूर्त शीर्षक असं केलंय: 'पुढे घसरण होण्याची शक्यता आधी ओळखणे'. सासऱ्यांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "शक्यता किती?" काय सांगू?

ऐलपैल:
'घसरण' चांगलं आहे, 'ऱ्हास'पेक्षा. तसा मूळ शब्द 'ह्रास', आपण ऱ्ह उलटा केला.

जुनीवही:
'नाठाळ'सुद्धा त्या नष्टवरूनच का?