गडकरी रंगायतन ‘ठाणे महापालिकेने १९७८ साली बांधलं’ असं लिहिलं तर चालेल का?

तलावपाळी:
वाचनालयाच्या प्रदर्शनासाठी चार फलक करतोय: गडकरी रंगायतन, डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह, वाशीचं विष्णुदास भावे आणि सिडको एक्झिबिशन सेंटर. पहिल्या फलकाचा मसुदा शीर्षकात दिलाय तसाच आहे. साल कोनशिलेवरून पडताळायचं तर काय काय बघायचं? आणि एक्झिबिशन सेंटर नाट्यगृहांच्या रांगेत बसवावं का?

दप्तरी:
साल बरोबर आहे, कर्ता चुकलाय. ठाणे महापालिका १ ऑक्टोबर १९८२ ला अस्तित्वात आली. १९७८ मध्ये तिथे नगरपालिका होती. कागद कुठल्या नावाखाली शोधायचा तेही यावरच ठरतं. रंगायतनच्या बांधकामाचे ठराव नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तांत शोधा, महापालिकेच्या महासभेच्या नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज करणार असाल तर आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चालतो, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘रंगायतनची सर्व माहिती द्या’ असं लिहू नका, विषय मोघम म्हणून अर्ज अडकतो. वर्षं नेमकी सांगा आणि अभिलेखाचं निरीक्षण मागा. जुनी फाईल बहुधा आजच्या नावाने सापडत नाही, म्हणून अर्जात ‘मासुंदा तलावाजवळील नाट्यगृहाचे बांधकाम’ असंही लिहा.

कोनशिला वाचताना भूमिपूजनाची, उद्घाटनाची आणि नूतनीकरणाची यांत गल्लत होते. रंगायतन २०२५ मध्ये नूतनीकरणानंतर पुन्हा खुलं झालंय, तेव्हा नव्या पाटीवरचं साल उचलू नका. अक्षरं झिजलेली असतील तर समोरून फ्लॅश मारू नका. दगडाला जवळजवळ समांतर टॉर्च धरा, खोदलेल्या अक्षरांत सावली पडते आणि फोटो वाचता येतो. खडू किंवा तेल अजिबात चोळू नका.

१९६७ मध्ये शिवसेना ठाणे नगरपालिकेत सत्तेवर आली आणि नाट्यगृहाचं आश्वासन त्याच काळातलं, असं सांगितलं जातं. तो भाग जरूर घ्या, पण ठरावाच्या तारखेपासून वेगळ्या चौकटीत. आठवण आणि नोंद एकाच वाक्यात आली की वाचणाऱ्याला दोन्ही नोंदच वाटतात.

नेपथ्य_वाशी:
एक्झिबिशन सेंटर वेगळ्या फलकावरच ठेवा, पण कारण लिहा. प्रदर्शनाचं सभागृह सपाट जमिनीचं आणि उंच छताचं असतं, गाळे कसेही मांडता यावेत म्हणून. २०२० मध्ये वाशीच्या त्या इमारतीत करोना रुग्णालय उभं राहू शकलं ते याच मोकळ्या जागेमुळे. इतिहासातली ही नोंद सोडू नका.

नाटकाला नेमकी हीच रचना नडते. प्रेक्षागाराला उतार नसेल तर मागच्यांना पुढच्यांची डोकीच दिसतात. विंगा नसतात, झालर टांगायला बार नसतात. सगळ्यात मोठी अडचण घुमण्याची. आवाज विरायला लागणारा वेळ म्हणजे ०.१६१ गुणिले घनफळ, भागिले शोषण (भिंती, पडदे, खुर्च्या मिळून किती आवाज गिळतात ते). ३,००० घनमीटरचं नाट्यगृह आणि शोषण ४८० धरलं तर साधारण १ सेकंद, संवादाला ठीक. ४० बाय ३० मीटर, उंची ८ मीटर अशा हॉलचं घनफळ ९,६००. शोषण ६०० धरलं तर अडीच सेकंदांहून जास्त. एक शब्द विरायच्या आत पुढचे शब्द त्यावर चढतात. तिथे स्पीकरचा आवाज वाढवून उपयोग नाही, घुमणंही तेवढंच वाढतं. जाड पडदे आणि भरलेल्या खुर्च्या, म्हणजे शोषण, वाढवावं लागतं. (आकडे हिशेब कळावा म्हणून घेतलेत, कुठल्या ठरावीक वास्तूचे नाहीत.)

तलावपाळी:
कळलं. मग घाणेकर आणि भावे यांच्या फलकांवर ‘महापालिका’ चालेल?

दप्तरी:
घाणेकरला चालेल, ते ठाणे महापालिकेच्याच काळातलं. वाशीला ‘सिडकोने बांधलं, नवी मुंबई महापालिका चालवते’ असं लिहा. बांधकामाचे कागद सिडकोकडे मागा, पुढचे महापालिकेकडे. ही महापालिका १ जानेवारी १९९२ ची आहे.

नावांखाली एकेक ओळ हवीच. विष्णुदास भाव्यांचा १८४३ चा पहिला प्रयोग सांगलीचा, आणि राम गणेश गडकरी (१८८५–१९१९) जन्माने ठाण्याचे नव्हेत, गुजरातेतल्या नवसारीकडचे. मसुद्यात कुठे ‘ठाण्याचे सुपुत्र’ लिहिलं असेल तर छपाईआधी काढा.