मदत हवी आहे: कॅन्सर जीनोमिक्समध्ये पीएचडी करायचीय, सुरुवात कशी करू?

नमस्कार मंडळी. मी लालबागची, यंदा एमएस्सी बायोटेक झालं. आजोबा तंबाखूमुळे गालाच्या कॅन्सरने गेले, तेव्हापासून याच विषयात, म्हणजे कॅन्सरमध्ये डीएनएत होणाऱ्या बदलांच्या अभ्यासात (जीनोमिक्स), काम करायचं मनात आहे. आर आणि पायथन या प्रोग्रामिंग भाषा घरीच शिकतेय. टीसीजीए या अमेरिकेतल्या कॅन्सर जीनोम प्रकल्पातल्या 33 प्रकारच्या कॅन्सरच्या म्युटेशनच्या (डीएनएतल्या बदलांच्या) याद्या मोफत मिळतात, त्यावर रोज सराव करते. पण परवा एकाच नमुन्याची कच्ची सिक्वेन्सिंग फाइल (डीएनएचे वाचलेले तुकडे) माणसाच्या संपूर्ण जीनोमवर जुळवायला लावली, तर 8 जीबी रॅमचा लॅपटॉप रात्रभर तापून पहाटे बंद पडला. अशा वेळी तुम्ही काय करता?

दुसरं, टाटा मेमोरियलच्या खारघरमधल्या कॅन्सर संशोधन केंद्रात, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकसारख्या ठिकाणी जायचं तर आधी नेट परीक्षा द्यावी, की वर्षभर एखाद्या लॅबमध्ये प्रोजेक्टवर काम करावं? गणित बारावीनंतर सुटलंय, स्टॅटिस्टिक्सची खरी भीती आहे. या वाटेने गेलेल्या ताई-दादांनी कृपया सांगा. बाबा विचारतात, पाच वर्षं स्टायपेंडवर भागेल का?