मदत हवी आहे: पावसाच्या कवितेत पान कुठे उलटावं?

चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पावसाच्या कवितांचं चित्रपुस्तक करते आहे. मोठ्याने वाचून दाखवायचं पुस्तक आहे, मुलं चित्र बघत ऐकणार. कविता अष्टाक्षरी, म्हणजे ओळीत आठ अक्षरं, आणि दोन-दोन ओळींचं यमक. बहुतेक कविता एकेका जोडपानावर, म्हणजे समोरासमोरच्या दोन पानांवर, नीट बसल्या. अडलंय ते फक्त एका लांब कवितेवर, ती तीन जोडपानांवर जाते. त्यातल्या या ओळी:

वारा आला, ढग आले,
आणि सारे झाले ओले

आधी दोन्ही ओळी एकाच पानावर ठेवल्या. लय छान राहिली, पण पान उलटण्याआधीच सर कोसळून गेली. पुढे काय होणार ही उत्सुकताच उरत नाही. मग दुसरी ओळ पुढच्या पानावर नेली. आता मुलं पुढचं चित्र बघण्यात इतकी रमतात की ‘ओले’ ऐकेपर्यंत ‘आले’ कानातून गेलेलं असतं. यमक तुटलं की कविता गद्यासारखी वाटते, आणि ते मला अजिबात नको आहे.

मध्ये बिनशब्दांचं, नुसत्या काळ्या ढगांचं जोडपान टाकावंसं वाटतं, पण पानं ३२च आहेत. छपाई १६ पानांच्या फॉर्मात, म्हणजे सोळा-सोळा पानांच्या गटात, होत असल्याने दोन पानं वाढवणं शक्य नाही. इतर कविता गाळायच्या नाहीत. शब्द थोडे बदलायची मात्र तयारी आहे.

मुलांना कविता वाचून दाखवणाऱ्यांनी किंवा अशी पुस्तकं केलेल्यांनी सांगावं: पहिली ओळ पुढच्या पानावर पुन्हा घेतली तर लय सांभाळली जाईल, की ऐकताना ती अडखळल्यासारखी वाटेल?