किरॅटोकोनस आणि चाळिशी : दोन रुग्णांच्या कॉन्टॅक्ट लेन्सविषयी सल्ला हवा आहे

प्रश्न

नमस्कार. मी बार्शी येथे एका नेत्रचिकित्सालयात ऑप्टोमेट्रिस्ट (दृष्टी तपासून चष्मा-लेन्स देणारा) म्हणून काम करतो. दोन रुग्णांच्या बाबतीत निर्णय होत नाही, म्हणून अनुभवी मंडळींना विचारत आहे.

पहिला रुग्ण 22 वर्षांचा, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा आहे. त्याच्या उजव्या डोळ्यात किरॅटोकोनस (बुबुळ पातळ होऊन शंकूसारखे पुढे येणे) असून गेल्या वर्षी सी-थ्री-आर (बुबुळ घट्ट करण्याचा उपचार) झाले आहे. चष्म्याने त्या डोळ्याला 6/18 च्या पुढे दिसत नाही. किरॅटोमीटरवर (बुबुळाची वक्रता मोजणारे यंत्र) 49.00 आणि 53.50 डायॉप्टर अशी वक्रता येते. मी त्यातल्या सपाट वक्रतेवरून 6.90 मि.मी. त्रिज्येची आरजीपी (हवा आत जाऊ देणारी कडक) ट्रायल लेन्स लावली. दृष्टी 6/9 आली, परंतु त्याला सतत टोचत राहिले आणि फ्लोरेसिन (अश्रूंत मिसळून चमकणारा रंग) टाकून निळ्या प्रकाशात पाहिल्यावर मधोमध काळा डाग व खालची कड उचललेली दिसली. दृष्टी चांगली येत असताना फिटिंग बदलावे का?

दुसऱ्या रुग्ण 47 वर्षांच्या असून साडीच्या दुकानात हिशेब पाहतात. नंबर दोन्ही डोळ्यांना -3.25, जवळसाठी त्यात +1.75 ची भर. चष्मा पूर्ण सोडायची त्यांची इच्छा आहे. मल्टिफोकल (दूर व जवळ दोन्हींचे नंबर असलेली) लेन्स द्यावी की एक डोळा दूरसाठी आणि एक जवळसाठी ठेवावा?

उत्तर 1

मुलाचे फिटिंग अवश्य बदला. तो काळा डाग म्हणजे लेन्स शंकूच्या टोकावर टेकून बसली आहे आणि तिथला अश्रूंचा थर दाबला गेला आहे. सपाट लेन्स शंकू दाबून धरते म्हणून पहिल्या दिवशी दृष्टी बरी येते, आणि नेमके याच ठिकाणी आपण फसतो, कारण तीच लेन्स रोज आठ-दहा तास घासत राहिली तर त्या नाजूक टोकावर व्रण पडू शकतो, आणि टोकावर व्रण राहिला की पुढे लेन्स कितीही चांगली बसवली तरी दृष्टी उणीच राहते.

दोन्ही वक्रतांची सरासरी 51.25, म्हणजे साधारण 6.60 मि.मी. त्रिज्या येते, तिथून सुरुवात करा. टोकावर पुसट स्पर्श आणि लेन्सचा भार बाजूंवर, असे चित्र मिळेपर्यंत 0.10 ने पुढे-मागे करा. डोळ्यातले पाणी थांबायला वीस मिनिटे तरी द्या, त्याआधीचे फ्लोरेसिनचे चित्र विश्वासार्ह नसते. शिवाय त्रिज्या 0.05 मि.मी. बदलली की नंबर 0.25 ने बदलतो हा आपला पाठ केलेला ठोकताळा इतक्या उभ्या बुबुळावर चालत नाही. 6.90 वरून 6.60 वर आल्यास त्या हिशेबाने मायनस 1.50 ने वाढायला हवा, प्रत्यक्षात तो 2.25 च्या आसपास वाढतो. म्हणून प्रत्येक ट्रायल लेन्सवर नव्याने ओव्हर-रिफ्रॅक्शन (लेन्स डोळ्यात असताना वरून नंबर तपासणे) करा. एवढे करूनही खालची कड उभीच राहिली तर स्क्लेरल लेन्सचा (बुबुळावर न टेकता डोळ्याच्या पांढऱ्या भागावर बसणारी मोठी लेन्स) विचार करावा.

उत्तर 2

दुसऱ्या रुग्णाविषयी लिहितो. -3.25 नंबर असलेली व्यक्ती चष्मा काढला की साधारण 30 सें.मी. वरचे स्पष्ट वाचते. या बाई आजही बिलावरचा बारीक आकडा किंवा काठाची वीण पाहताना चष्मा कपाळावर सरकवत असतील. लेन्स लावल्यावर ही सोय जाते, आणि हे आधी सांगितले नाही तर त्यांना लेन्सच चुकीची वाटेल.

मल्टिफोकलमध्ये दूरचे व जवळचे एकाच वेळी डोळ्यात येत असल्याने कमी उजेडात रंगांच्या छटांतला फरक थोडा मंदावतो, आणि साडीच्या दुकानात तो फरक महत्त्वाचा आहे. मी आधी दुसरा पर्याय करून पाहीन : प्रबळ डोळ्याला (लांब पाहताना ज्यावर जास्त भर असतो तो) -3.25, दुसऱ्याला -1.50. दूरचा नंबर लावून, लांब पाहायला सांगून +1.50 ची लेन्स आळीपाळीने प्रत्येक डोळ्यासमोर धरा. ज्या डोळ्यापुढे धुरकटपणा जास्त खटकेल तो प्रबळ. मात्र बाई रात्रीच्या वेळी दुचाकी चालवतात का, हे विचारल्याशिवाय काही ठरवू नका. त्यानंतर ट्रायल लेन्स घालून एक दिवस त्यांच्याच दुकानात, त्यांच्याच दिव्यांखाली बसू द्या.

उत्तर 3

मी ऑप्टोमेट्रिस्ट नाही. किरॅटोकोनसमुळे काही वर्षांपासून स्क्लेरल लेन्स वापरते. टेबलावर स्वच्छ टॉवेल पसरायचा, लेन्सची वाटी सलाइनने काठोकाठ भरायची, मान पूर्ण खाली घालून ती डोळ्याला भिडवायची. एक जरी बुडबुडा राहिला तरी दिवसभर धूसर दिसते आणि पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. मला सुरुवातीला ज्यांनी लेन्स दिली त्यांनी डबी नळाच्या पाण्याने धुवायला सांगितले होते, आणि त्यातला धोका मला फार उशिरा कळला. कृपया त्या मुलाला हे नीट समजावा, आणि डोळे चोळण्याची सवय आहे का, तेही विचारा. मला ती सवय लहानपणापासून होती.

प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. मुलाला काल परत बोलावले. 6.60 वर काळा डाग पुसट झाला, पंचवीस मिनिटांनंतरही टोचले नाही आणि नव्या ओव्हर-रिफ्रॅक्शनने 6/9 कायम राहिले. खालची कड मात्र अजून थोडी उचलते. तेवढ्यासाठी कडेचा भाग बदलून मागवत आहे. अभ्यास करताना तो सारखे डोळे चोळतो, हेही त्याच्या आईकडून कळले. बाईंना सोमवारी ट्रायल लेन्स देऊन दुकानात पाठवणार आहे.