लायडनच्या संग्रहालयातलं होरेमहेबचं उठावशिल्प: एकच माणूस दोनदा का कोरलाय?

पाऊलखुणा:
आम्ही भावाकडे नेदरलँड्सला गेलो होतो, तेव्हा लायडनचं पुरातनवस्तू संग्रहालय पाहिलं. इजिप्तच्या दालनात होरेमहेब नावाच्या सेनापतीच्या थडग्यातले चुनखडकाचे कोरीव पाट आहेत. त्यांच्यापुढून पाय निघेना. बंदिवानांचे चेहरे तर अजून डोळ्यांसमोर आहेत. पण तीन गोष्टी कळल्या नाहीत. एका पाटावर सेनापतीसमोर एक छोटा माणूस आहे, आणि त्याला अगदी लागून तसाच दुसरा, पाठ फिरवलेला. हे जुळे भाऊ आहेत का? दुसरं म्हणजे त्याच पाटावर काही माणसं जमिनीवर पडलीत, एक पालथा, एक उताणा. ती मेलेली आहेत का? आणि नाग हे तर राजाचं चिन्ह, मग सेनापतीच्या कपाळावर नाग कसा? कुणी जाणकार असेल तर सविस्तर लिहा. माझी लेक सातवीत आहे, ती रोज विचारते.

दुभाषी_हेग:
पाऊलखुणाताई, तुम्ही विचारलंत म्हणून फार बरं वाटलं. मी हेगला राहते. इथल्या दवाखान्यांत आणि सरकारी कचेऱ्यांत मराठी-हिंदी बोलणाऱ्यांसाठी दुभाष्याचं काम करते. वेळ मिळाला की गाडीने लायडनला जाते, ती मुख्यतः याच पाटासाठी. कारण तुम्ही ज्याला जुळा भाऊ म्हणालात, तो दुभाषी आहे.

माणूस एकच आहे, दोन क्षणी दाखवलेला. एकदा त्याचं तोंड परदेशी लोकांकडे आहे, त्यांचं म्हणणं ऐकतोय. एकदा तोंड होरेमहेबकडे आहे, ऐकलेलं सांगतोय. इजिप्तच्या कारागिराला एका चौकटीत एकच क्षण दाखवायचं बंधन नव्हतं. म्हणून मान वळवण्याची ती क्रियाच त्याने दगडात धरली. माझ्या कामाचं इतकं नेमकं चित्र मी दुसरीकडे कुठेच पाहिलेलं नाही. दुभाष्याचं सगळं काम त्या वळण्यात असतं. इकडे आजारी माणूस, तिकडे डॉक्टर, आणि दोघंही बोलताना एकमेकांकडे न बघता माझ्याकडे बघतात.

पडलेली माणसं मेलेली नाहीत, विनवणी करताहेत. आणि ती बंदिवानही नाहीत. बंदिवानांचा देखावा वेगळ्या भिंतीवरचा आहे. त्यात हातांत लाकडी खोडे आणि गळ्यात दोर आहेत. या पाटावरच्या कुणाचेही हात बांधलेले नाहीत, ते वर उचललेले आहेत. त्या काळी कनानचे (आजच्या इस्राएल-पॅलेस्टाइन-लेबनॉन भागातले) छोटे राजे फारोला, म्हणजे इजिप्तच्या राजाला, मातीच्या पाट्यांवर पत्रं लिहीत. ती इजिप्तमधल्या अमार्नाला सापडली आहेत. त्यांत 'सात वेळा आणि सात वेळा, पोटावर आणि पाठीवर लोटांगण' असा मायना असतो. एक पालथा आणि एक उताणा तो त्यामुळेच.

ही माणसं काय मागताहेत, तेही थडग्यातल्या तुटक्या लेखात आहे. त्यांची गावं उद्ध्वस्त झाली, आग लावली गेली, मुलखात उपासमार आहे, डोंगरातल्या बकऱ्यांसारखे जगताहेत, फारोने आपल्या राज्यात आसरा द्यावा. ही विनंती दुभाष्याकडून होरेमहेबकडे आणि होरेमहेबकडून राजाकडे जाते. तो राजा म्हणजे तुतनखामेन. तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा निर्वासितांचा अर्जच आहे हा. अशा अर्जांच्या वेळी मी समोर बसलेली असते. हात कसे वर होतात, बोटं कशी पसरतात, ते मी रोज बघते आणि तिथे दगडात तेच आहे. लेकीला पुन्हा नेलंत तर हात बघायला सांगा. चेहऱ्यांवर तर लक्ष जातंच.

आता नाग. थडगं बांधलं तेव्हा होरेमहेब तुतनखामेनचा सेनापती होता, म्हणून ते मेम्फिस या तेव्हाच्या कारभाराच्या राजधानीजवळ साक्कारा इथे आहे. तुतनखामेन तरुणपणीच वारला, त्याच्यानंतर आय नावाचा एकजण थोडा काळ राजा झाला, आणि मग खुद्द होरेमहेब. राजा झाल्यावर त्याने राजांच्या खोऱ्यात वेगळं थडगं खोदून घेतलं. पण साक्काराच्या भिंती तशाच ठेवल्या नाहीत. आधीच कोरलेल्या कपाळांवर मागाहून नाग बसवले. मूळ आकृती नोकरदाराची आणि कपाळावर राजचिन्ह, असं ते झालंय.

पाथरवट:
माझं घराणं दगड घडवणाऱ्यांचं. मी लायडनला गेलो नाही, फोटो मोठे करून पाहिलेत. करणाऱ्याच्या बाजूने दोन शब्द.

इजिप्तमध्ये कोरीवकामाच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत आकृतीभोवतीचा दगड काढून टाकतात, म्हणजे आकृती वर राहते. दुसरीत आकृतीची कडा आत खोदतात आणि अंग त्या खळग्यातच घडवतात. ही दुसरी तऱ्हा देवळाच्या बाहेरच्या भिंतींवर जास्त दिसते, कारण कडक उन्हात खोल कडेची सावली ठळक पडते. होरेमहेबचे हे पाट पहिल्या तऱ्हेचे आहेत. उठाव अगदी कमी. तेवढ्यात एकामागे एक चार-पाच माणसं बसवायची, कुणाचा हात कुणाच्या पुढून जातो ते चुकू द्यायचं नाही, आणि वर झिरझिरीत कापडाच्या चुण्या. आमच्या काळ्या बेसॉल्टात अशी चुणी काढायला जीव जातो. चुनखडक मऊ असतो, तरीही त्यांच्याकडे लोखंडी हत्यार नव्हतं. तांब्या-काशाच्या छिन्न्या, गारगोटीची पाती, आणि शेवटी वाळूने घासणं. छिन्नीला धार लावण्यातच अर्धा दिवस जात असेल.

आणखी एक मला जाणवलं. होरेमहेबचा चेहरा सगळीकडे सारखा, शांत. बंदिवान मात्र एकासारखा एक नाही. कुणाचे गाल बसलेत, कुणाच्या कपाळाला आठ्या, कुणाचं नाक वाकडं. मालकाचा चेहरा ठरल्याप्रमाणेच काढावा लागतो, तिथे हात बांधलेला असतो. हरलेल्या माणसाचा चेहरा कसा असावा हे कुणी सांगत नाही. तिथे कारागिराने स्वतः पाहिलेलं कोरलंय, असं माझं ठाम मत आहे.

पाऊलखुणा:
दोघांचेही मनापासून आभार. लेकीला वाचून दाखवलं, ती लगेच वहीत दुभाषी काढायला बसली. आता तिचा नवा प्रश्न: एवढी मोठी भिंत तिथून काढली कशी? आणि उरलेलं थडगं कुठे आहे?

दुभाषी_हेग:
भिंत अखंड दगडाची नव्हतीच. आत कच्च्या विटांचं बांधकाम आणि दर्शनी बाजूला चुनखडकाच्या लाद्या. लाद्या सुट्या होतात, म्हणूनच १९व्या शतकात त्या उखडून विकल्या गेल्या. अलेक्झांड्रियात जोव्हानी अनास्तासी नावाचा व्यापारी होता, स्वीडन-नॉर्वेचा वाणिज्यदूतही. त्याच्याकडून लायडनने १८२८ मध्ये पाच हजारांहून जास्त वस्तू एकदम घेतल्या. हे पाट त्यांतच आले. त्याच थडग्याचे इतर तुकडे बोलोन्या, बर्लिन, व्हिएन्ना, लंडन असे पांगले. विकणाऱ्यांनी जागेची नोंद ठेवली नाही, आणि थडगं वाळूखाली नेमकं कुठे आहे ते कुणाला ठाऊकच नव्हतं.

ते १९७५ मध्ये सापडलं, तेही दुसरंच शोधताना. जेफ्री मार्टिन यांच्या नेतृत्वाखाली लंडन आणि लायडनचं पथक तुतनखामेनच्या खजिनदाराचं, मायाचं थडगं शोधत होतं. जर्मन अभ्यासक लेप्सिउसच्या १८४३च्या नकाशावर त्याची खूण होती. खणलं तर होरेमहेब निघाला. तेव्हा कुठे कळलं की लायडनचा कोणता पाट कोणत्या भिंतीचा. मायाचं थडगं पुढे १९८६ मध्ये मिळालं. माया आणि त्याची बायको मेरित यांचे बसलेले पुतळे लायडनलाच आहेत, तुम्ही ते पाहिले असतीलच.

साक्काराला आता त्या भिंती पुन्हा उभ्या केल्यात आणि गेलेल्या पाटांच्या जागी साच्यातून काढलेल्या प्रतिकृती बसवल्यात.

पाथरवट:
म्हणजे खरा दगड थंड देशात आणि नक्कल जागेवर. दगड त्याच्या उन्हात, त्याच्या भिंतीवर हवा.

दुभाषी_हेग:
दादा, तुमचं म्हणणं मला मनापासून पटतं. मात्र साक्कारात ते पाट उघड्यावर राहिले असते तर बोटं आणि चुण्या टिकल्या असत्या का, ही शंका माझ्या मनातून जात नाही. मला वाटतं, निदान एकाच देखाव्याचे पांगलेले तुकडे तरी एका छपराखाली यावेत, आणि ते छप्पर इजिप्तमधलं असावं. दुभाषी एका शहरात आणि त्याला आपलं दुःख सांगणारी काही माणसं दुसऱ्या शहरात, हे बरोबर नाही.

पाऊलखुणाताई, लेकीचं चित्र जमलं तर इथे टाका. आणि तिला सांगा, दुभाष्याची दोन शरीरं काढताना पाय नीट बघून काढ, तिथेच तो वळतोय हे कळतं.